हिरव्या पट्ट्यातला प्लॉट

आमच्या मॅडम जमिनीबद्दल बोलायच्या ते एखाद्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असावीत तसं. "हिला काय झेपेल ते आधी विचारा, तुम्हाला काय हवंय ते मागाहून." ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बदलापूरच्या विकास आराखड्यावर त्या नगररचनाकार होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली ड्राफ्ट्समन.

पूर कुठवर येतो, उतार किती, माती कसली, स्टेशन किती लांब, प्रत्येकाचा वेगळा ट्रेसिंग पेपर. कशाला किती महत्त्व द्यायचं त्याचे गुण ठरवायचे, मग सगळे कागद काचेवर एकावर एक ठेवून खालून दिवा लावायचा, की कुठे बांधावं आणि कुठे नाही ते दिसायचं. "गुण आधी, दिवा नंतर," त्या बजावत. "उलटं केलं की आपल्याला हवं तेच उत्तर येतं."

हे बोलणं किती जड आहे ते मला आराखड्यावरच्या हरकतींच्या सुनावणीत कळलं. उल्हास नदीकाठचा मोठा पट्टा हिरवा, म्हणजे बांधकामाला बंद, झाला होता. लोक खवळलेले. एक आगरी काका उठले. "आमच्या पोरांनी घरा कुठं बांधाची, मॅडम? तुमचा काय जातंय?"

मॅडमनी नकाशावर बोट ठेवलं. "हा कोपरा आमचा, काका. निवृत्तीनंतरच्या घरासाठी घेतलेला. काम हातात घेतानाच साहेबांना सांगितलंय. इथे पूर लागतो. पोरांच्या घरांसाठी वरचा माळ मोकळा केलाय, तो बघू या."

तो कोपरा मीच हिरवा रंगवला होता. मला पत्ताच नव्हता.

काका पुढे आले, चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. "मंग माळावर पान्याची लाईन तरी द्या, बाई." मॅडमनी ती मागणी लावून धरली, अंतिम आराखड्यात लाईन आली.

त्या निवृत्त झाल्यावर अंबरनाथ पूर्वेच्या त्यांच्या दोन खोल्यांत मी भेटायला गेलो. मॅडम चहा टाकायला आत गेल्या, तेव्हा मी त्यांच्या मिस्टरांना हळूच विचारलं, "प्लॉट हिरव्यात गेला तेव्हा तुम्हाला राग नाही आला?"

"आला की! महिनाभर बोललो नाही तिच्याशी." ते हसले. "पण आपल्या प्लॉटसाठी खाडाखोड करून घरी आली असती ना, तर मला तिची भीती वाटली असती."

चहा घेऊन मॅडम बाहेर आल्या. मी उठून उभा राहिलो.

"अरे, बस की," त्या म्हणाल्या.

मला काही बसवेना.