विलासच्या खिशातला फ्यूज

घरात एक वायरमन असला की वर्षाला दोन-चार किस्से होतातच. बाप-लेक दोघंही तारांत हात घालणारे असले, तर किस्से ठेवायला फडताळ पुरत नाही! आमच्या घरी तसंच आहे. माझा लेक विलास संग्रामपूरकडच्या खेड्यांत घरांची फिटिंग करतो, विहिरीवरच्या मोटरी पाहतो. त्याची पोरगी सुजाता बॅटरीवरचे फवारणीचे पंप दुरुस्त करते.

तिला एक डबा बनवायचा होता. पॉवर सप्लाय म्हणते ती त्याला. भिंतीतली दोनशे तीस व्होल्टची लाईन आत घ्यायची, अन् बटन फिरवून पाहिजे तेवढीच बाहेर काढायची. पाच म्हणा, बारा म्हणा. उकळता चहा आपण बशीत ओतून निववतो ना, तसं! तो डबा नसल्यानं तपासतानाच तिच्या पंपांचे सर्किट जळत होते.

विलास म्हणाला, "इकत घे."

"मले बनवता येते, बाबा."

"थेच तर भेव हाय!"

*

भंगारातल्या जुन्या स्टॅबिलायझरचा ट्रान्सफॉर्मर आला. वरून बिस्किटाचा पत्र्याचा डबा. सुजातानं पिन भिंतीत खोचली, बटन दाबलं. मी कौतुकानं डब्यावर हात ठेवायला गेले.

"माय, हात मांगं!"

विलास इतक्या जोरात ओरडला की माझा हात हवेतच राहिला. त्यानं खिशातून टेस्टर काढून पत्र्याला लावला. टेस्टरमधला दिवा लागला! आतली एक तार पत्र्याला घासत होती, अन् अर्थिंगची तार जोडायचीच राहिली होती.

तो उठला, मीटरच्या बोर्डातून चिनी मातीचा फ्यूज उपसला अन् खिशात टाकला. सगळ्या घराची लाईन गेली.

"हा डबा उघडा हाय तंवर फ्यूज माह्या खिशात. समजलं?"

*

त्या दिवसापासून सुजातानं डबा उघडला की आमचा पंखा बंद. ऊन असं की भिंतीला पाठ टेकवत नव्हती. एकदा ती आतल्या तारा जोडत बसली, अन् विलास शेगावला गेला सामान आणायला. फ्यूज खिशात!

फोन केला तर म्हणतो, "अरे हो, इथंच हाय की!" संध्याकाळच्या एस्टीनं त्यानं तो रुमालात बांधून पाठवला. कंडक्टर फाट्यावर उतरून म्हणाला, "आजी, मी लोकायचे डबे आनले, औषधं आनली. कोनाच्या घरची लाईन पह्यल्यांदाच आनून राह्यलो!"

*

मग कपॅसिटरचा किस्सा. कपॅसिटर म्हणजे लाईन साठवणारी छोटी डबी, उलटी जोडली की फुटते. सुजातानं घाईत उलटा जोडला. विलास घरीच जेवत होता. तिनं डबा बंद करून फ्यूज मागितला, त्यानं बसवला अन् परत ताटावर बसला.

धाड! खोलीभर धूर. विलासचं ताट उलटं झालं. तो उष्ट्या हातानंच धावला. सुजाता भिंतीला चिकटून उभी.

"बोटं मोज!"

"बाबा, काही नाही झालं—"

"मोज म्हनलं ना!"

तिनं मोजली. "दहा."

"परत मोज."

*

विलासची बोटं आठ आहेत. हा किस्सा नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

सुजाता पाळण्यात होती तेव्हाची गोष्ट. विलासनं फ्यूज काढून खिडकीत ठेवला अन् मागच्या खोलीत तार जोडत बसला. मी बाहेरून आले. पोरगी घामानं रडत होती, पंखा बंद, अन् फ्यूज खिडकीत. मला वाटलं, गळून पडला असेल, कोणी उचलून ठेवला. मी बसवला.

विलास मला त्यावर कधी एक शब्द बोलला नाही. पण त्यानंतर फ्यूज त्याच्या खिशात राहू लागला, अन् मी त्या बोर्डाला कधी हात लावला नाही.

*

शेवटी डबा झाला. रविवारी सकाळी विलासनं तो तपासायला घेतला. पत्र्याला टेस्टर लावला, दिवा नाही लागला. सुजाता हसली. तेवढ्यात त्याला झाकणाच्या फटीतून आत मेन लाईनचा एक स्क्रू ढिला दिसला.

त्यानं फ्यूज उपसला, अन् हात कमरेशी नेला. पण तो नुकताच आंघोळ करून आलेला, अंगावर बनियन अन् टॉवेल. खिसा कुठला? सुजातानं एका हातानं डबा धरलेला, दुसऱ्यात टॉर्च.

त्यानं फ्यूज माझ्यापुढं केला. "माय, धर."

माझा हात पुढं जाईना.

"धर ना! आठ बोटांत काय-काय धरू मी?"

मी धरला. दोन्ही हातांनी. त्यानं पक्कड अन् स्क्रूड्रायव्हर घेतला अन् झाकण काढून हात डब्यात घातला. किती वेळ गेला, मला माहीत नाही. मी त्याच्या हाताकडे पाहत होते.

"झालं. दे."

माझी मूठ उघडेना! विलासनं ओढून पाहिलं. मग सुजातानं डबा झाकून खाली ठेवला अन् माझं एक-एक बोट उचलून फ्यूज सोडवला.

विलासनं तो बसवला. पंखा फिरला, डब्यावर लाल दिवा लागला. सुजातानं बटन फिरवलं: पाच, नऊ, बारा. कोणी टाळी वाजवली नाही.

विलासनं खांद्यावर शर्ट टाकला अन् दारातून म्हणाला, "सुजे, यापुढं डबा उघडशीन तं फ्यूज मायच्या मुठीत देत जाय. माह्या खिशातून एखाद्या वेळी पडन!"