तिसऱ्या श्वासाला

विंगेतल्या मामांसमोर बसून आपण बोलायला लागलो की त्यांचे ओठ हलायचे. आवाज नाही, नुसते ओठ. आपण 'काल बाजारात गेले होते' म्हणावं, आणि तेच वाक्य मुक्यानं त्यांच्याही ओठांवरून जाऊन यावं. नवख्या माणसाला वाटायचं, हा बाबा आपली नक्कल करतोय. पहिल्या भेटीत मलाही राग आला होता. पुढं कळलं, की तीस वर्षं त्यांनी आमच्या शहरातल्या हौशी नाटकांना विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलं होतं. दुसऱ्याचं वाक्य आपल्या तोंडात तयार ठेवायची सवय स्टुलावरून उठल्यावरही सुटत नव्हती.

पोटासाठी ते गुलमंडीत एका कापडाच्या दुकानात होते. तिथंही तेच. एखादी बाई रंगाचं नाव आठवत अडखळली, की बाकीचे सेल्समन धडाधड दहा रंग सुचवायचे. मामा गप्प उभे राहायचे. बाईला अगदीच सापडेनासं झालं, की हळूच एक शब्द सरकवायचे, "मोर..." आणि बाई खुशीत म्हणायची, "हां, मोरपंखी!" जणू तिचं तिलाच आठवलं. प्रॉम्प्टिंगचा त्यांचा नियम हाच होता. मी कॉलेजच्या नाटकात पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा त्यांनी मला तो ऐकवला होता. "तू अडकलीस तर भिऊ नको. मी हाय. पण तिसऱ्या श्वासाला देणार, आन् पयलाच शब्द देणार. आधी दिला तर नटाचा अपमान. पुढचं ज्याचं त्यानं बोलायचं."

या कारभारात एकच माणूस दुःखी होतं, ते म्हणजे मामी. त्या प्रत्येक नाटकाला यायच्या आणि डावीकडच्या अगदी टोकाच्या खुर्चीवर बसायच्या. कारण मामा उजव्या विंगेत असत, आणि त्या कोपऱ्यातून त्यांचा गुडघा दिसे. "सगळ्या गल्लीत हे सांगत्यात, नाटकात हायत म्हणून," मामी मला एकदा मामांसमोरच म्हणाल्या. "मी तर तीस वर्षांत निस्ता गुडघा पायला." त्या हसल्या, पण मामा हसले नाहीत. आता आपलं तोंड एकदा तरी हिला दिसलं पाहिजे, हे त्यांनी बहुधा तेव्हाच मनावर घेतलं. साठीला आलेला माणूस ऑडिशनला जायला लागला. मीही जात होतेच. त्यामुळे आमची जोडी जमली.

त्यातला एक दिवस माझ्या मनातून जात नाही. वैशाखाचं ऊन होतं. सकाळी उस्मानपुऱ्यातल्या एका हॉलवर मसाल्याच्या जाहिरातीसाठी हसरे आजोबा आणि नात हवी होती. बाहेर ही रांग. प्रत्येकाच्या हातात कागद, प्रत्येकाचे डोळे मिटलेले, ओठांवर पुटपुट. मामांना हे दृश्य बघून राहवेना. "आण तो कागद," म्हणत ते एकेकाला आधीचं वाक्य वाचून क्यू द्यायला लागले. पोरांना दिले, बायकांना दिले, शेवटी एका पांढऱ्या मिशीवाल्या गृहस्थांनाही दिले.

मी त्यांना बाजूला ओढलं. "अहो मामा, हा तुमच्याच रोलसाठी आलाय!"

"येऊ दे की. आत जाऊन अडकला तर किती वाईट दिसंल."

मामांची पाळी आली तेव्हा त्यांचा घसा बसला होता. आत जाऊन त्यांनी खणखणीत 'जय भीम' घातला, तेवढ्यात उरलासुरला आवाजही गेला. डावीकडे बघा, उजवीकडे बघा, हसा, थँक यू, कळवतो. मिशीवाल्या गृहस्थांना मात्र थांबवून घेतलं. "कळवतो म्हंजी नाय," मामा जिना उतरताना म्हणाले. "तोंडावर नाय म्हणायला लाजत्यात. चांगल्या घरचे लेकरं हायत."

तिथून दुसऱ्या ऑडिशनसाठी सिडकोपर्यंत आम्ही चालत गेलो, का ते आता आठवत नाही. रिक्षा मिळत नव्हती, की मिळेल मिळेल म्हणत चालतच राहिलो. मध्येच मामांच्या चपलेचा अंगठा तुटला आणि ते पाय फरफटत चालायला लागले. ओळखीच्या चहावाल्यानं हाक मारली, "क्या मामा, हो गए क्या हीरो?" घाम पुसत मामा म्हणाले, "होता मियाँ, अभी मेकअप चल रा." सिडकोतल्या ऑफिसात पोचलो, तर दारातल्या मुलीनं मामांकडं बघून सांगितलं, की वय पन्नासच्या आतलं हवंय. फोनवर असं कुणी बोललं नव्हतं. मी भांडायच्या पवित्र्यात आले, पण मामांनी माझी ओढणी धरली. "चल. तिला पण कोणीतरी सांगितलं आसंल." बाहेर येऊन ते पायरीवर टेकले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मला तेव्हा त्यांचा कंटाळाच आला होता, खोटं कशाला सांगू. उन्हात एवढी पायपीट करून दुसऱ्यांची बाजू घेणारा माणूस सोबत असला की जास्तच थकायला होतं.

त्या दिवसाचं तिसरं ऑडिशन करमाडला होतं. एका सिनेमासाठी बाप आणि लेक हवे होते. प्रसंग साधा होता, बाप लेकीला शहराच्या गाडीत बसवून देतो. जालन्याकडच्या एसटीत मामांनी तो कागद वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. पुन्हा काढला नाही. त्यांना सगळं पाठ झालं होतं, माझंसुद्धा.

गावाबाहेरच्या मंगल कार्यालयात दिग्दर्शक स्वतः बसला होता. तरुण, शांत माणूस. त्यानं आम्हा दोघांना एकत्रच उभं केलं. मामांनी सुरुवात केली, "डबा घेतला का? पाणी?" मी मान हलवली. "मग जा. मागं बघू नको. तू बघितलं, तर मला घरी जाता यायचं नाय." तीस वर्षं दुसऱ्यांसाठी कुजबुजणारा हा आवाज असा आहे, हे मलाच माहीत नव्हतं. ऐकत राहिले, आणि माझं वाक्य डोक्यातून साफ गेलं.

कॅमेरा मामांच्या चेहऱ्यावर होता. मामांनी काहीही करायचं नव्हतं. नुसतं बाप होऊन माझ्याकडं बघत राहायचं होतं. पण एक श्वास गेला, दुसरा गेला, आणि तिसऱ्याला मामांनी नजर खाली घेतली आणि मला शब्द दिला, "पोचले..."

"पोचले की फोन करते, बाबा," मी म्हणाले. आणि डोळ्यांत खरंच पाणी आलं.

"काका," दिग्दर्शक म्हणाला, "तुम्ही तिचं वाक्य का बोललात?"

"अडकली व्हती ती."

"अडकू द्यायचं होतं. आपण पुन्हा घेतलं असतं."

पुन्हा घेता येतं, हे मामांच्या गावीच नव्हतं. पडदा उघडा असताना कुणी कधी पुन्हा घेतलंय? त्या माणसानं खरोखर पुन्हा घेतलं. या वेळी मी अडकले नाही, पण माझं वाक्य सुरू झालं तसे मामांचे ओठ हलायला लागले. "काका, ओठ." तिसऱ्यांदा त्यांनी ओठ असे गच्च मिटले, की त्यांचं स्वतःचं वाक्यही बाहेर पडेना. दिग्दर्शकानं उठून त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "कळवतो."

मला तिथंच थांबवून तारखा विचारल्या.

परतीच्या एसटीत मी रडले. म्हटलं, "मामा, माझ्यामुळं गेलं तुमचं."

"तुह्यामुळं कायले? माह्या तोंडाची खोड हाय ती." ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "मामीला सांगू नको. गर्दी लई व्हती म्हणून सांगू." त्या दिवसानंतर ते पुन्हा ऑडिशनला आले नाहीत.

सिनेमात माझा बाप पुण्याहून आला. त्याची मिशी चिकटवलेली होती. बरा होता, पण मी अडकले तर तो घड्याळ बघायचा. पुढं मी मुंबईला गेले. मालिकांत कुणाची वहिनी, कुणाची नर्स होत राहिले. मामांना फोन करायचा राहून जायचा. लाज वाटायची हे खरं कारण, वेळ नव्हता हे सांगायचं कारण.

गेल्या हिवाळ्यात कळलं, की मामांना अर्धांगवायूचा झटका आलाय. हर्सूलला त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी गेले. मामा पलंगावर बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवलेला. मला बघून त्यांच्या चेहऱ्याची एकच बाजू हसली. "बोलणं येतंय," मामी म्हणाल्या, "पण शब्द लवकर गावत नाय. आन् आता तर आठ दिस झाले, बोलायचंच सोडलंय. काऊन कोणास ठाऊक."

मला मात्र पाच मिनिटांत समजलं. मामांनी तोंड उघडून "च..." म्हटलं, की मुलगा म्हणायचा, "चहा?" सून म्हणायची, "चादर?" मामी म्हणायच्या, "चष्मा देऊ का?" सगळे मायेनंच म्हणत होते. आणि मामा डोळे मिटून घेत होते. गुलमंडीच्या त्या दुकानातले दहा रंग मला आठवले. मी मामींना तो नियम समजावून सांगितला. घाई करायची नाही. तीन श्वास थांबायचं, आणि द्यायचा तो एकच शब्द. मामींनी पदराचं टोक तोंडाला लावलं. मला वाटलं त्या रडताहेत, पण त्या श्वास मोजून बघत होत्या.

मामांनी डावा हात वर केला. नाटक सुरू करताना लाइटवाल्याला करायचे तसा. मग माझ्याकडं बघत, एकेक शब्द ओढून काढत म्हणाले, "डबा... घेतला का? पाणी?"

मी मान हलवली.

"मग... जा."

पुढं ते अडकले. मामांच्या गळ्याची शीर हलत होती. मी ओठ मिटून धरले. एक. दोन. तिसऱ्याला हळूच म्हटलं, "मागं..."

"मागं बघू नको. तू बघितलं, तर... मला घरी जाता यायचं नाय."

"पोचले की फोन करते, बाबा," मी म्हणाले. मी हे बोलत असताना मामांच्या ओठांची चांगली बाजू माझ्या शब्दांबरोबर हलत होती. इथं 'काका, ओठ' म्हणणारं कुणी नव्हतं.

मामी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल उचललं, पलंगाच्या बरोब्बर समोर आणून ठेवलं आणि त्यावर बसल्या. "परत करा की," त्या म्हणाल्या. "मला तिकडून नीट दिसलं नाय."

मामा पुन्हा सुरुवातीपासून सुरू झाले. डबा झाला, पाणी झालं, आणि त्याच जागी ते पुन्हा अडकले. या वेळी मी गप्प राहिले. मामी त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या. त्यांनी एक श्वास घेतला, दुसरा घेतला, तिसरा घेतला, आणि मग अगदी हळू आवाजात त्यांना शब्द दिला.