पलूसमार्गे गेलेली नोटीस

आजवरच्या आयुष्यात मी एकच वकिली नोटीस पाठवली आहे, आणि ती मी पाठवलेली नाही.

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी सांगलीच्या एका लॉ कॉलेजात पहिल्या वर्षाला नाव घातलं. मुलं पुण्याला गेली होती, म्हैस एकच उरली होती आणि दुपारचा वेळ खायला उठत होता. कुंडलजवळच्या आमच्या गावातून सकाळची एसटी धरायची आणि वर्गात शेवटच्या बाकावर बसायचं. कायदा मला कळत होता (भावकीत राहणाऱ्या बाईला तो उपजतच कळतो), पण तो सगळा इंग्रजीत होता. आमची बी.ए. मराठीतली, तीही लग्नाआधीची. प्लेंटिफ म्हणजे वादी की प्रतिवादी, इथूनच माझी सुरुवात होती.

शिकवायला घरातच माणूस होता, हे माझं दुर्दैव. आमचे हे नऊ वर्षांपूर्वी फौजेतून सुभेदार होऊन परत आले होते. बंदुकीपेक्षा टाइपरायटर जास्त चालवलेला, सगळी नोकरी कचेरीत, त्यामुळे इंग्रजी खणखणीत. माझी वही पाहिल्यावर त्यांनी शिकवणी ताब्यात घेतली.

"रोज सकाळी सहाला अंगणात. धा शब्द. पाठ झालं तरच चहा."

"आवं, चहा मीच करते न्हवं?"

"मग दोघांचाबी बंद."

घरभर चिठ्ठ्या लागल्या. फ्रिजवर 'ज्युरिस्डिक्शन', माठावर 'अॅफिडेव्हिट', म्हशीच्या गव्हाणीवर 'प्लेंटिफ'. मांजराच्या गळ्यात अडकवलेला 'विटनेस' दुपारपर्यंत फरार झाला. दूध घ्यायला येणाऱ्या बायका दारातूनच परत जायला लागल्या, कारण उंबऱ्यावर काहीतरी चिकटवलंय म्हणजे करणी असणार, असा त्यांचा समज झाला होता. तिथे 'ट्रेसपास' लिहिलं होतं, म्हणजे दुसऱ्याच्या हद्दीत शिरणं.

चिठ्ठ्यांबरोबर आणखी एक फौजी शिस्त घरात आली. फ्रिजवर बिस्किटांच्या डब्यांची दोन झाकणं ठेवून यांनी एकावर 'आवक' आणि दुसऱ्यावर 'जावक' असं लिहिलं. आलेलं पत्र आवकमध्ये ठेवायचं आणि जाणारं जावकमध्ये. सकाळी ठीक दहा वाजता जावकमधली डाक घेऊन हे स्कूटरवरून पलूसच्या पोस्टात जायचे. आमच्या घरातून वर्षाला चार पत्रं जात असतील. उरलेले दिवस रिकामं झाकण बघून हे समाधानाने मान हलवायचे.

इंग्रजी शिकवणाऱ्या आमच्या मॅडम माझ्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी एक दिवस फर्मान काढलं. "प्रत्येकाने एक नोटीस लिहून आणायची. पुस्तकातले ए आणि बी घेऊन लिहिलंत तर इंग्रजी डोक्यात राहणार नाही. ओळखीची माणसं घ्या, ओळखीची जमीन घ्या. आणि पाकीटसुद्धा खरं करून आणा. पत्ता, तिकिटं, पोचपावतीचं कार्ड, सगळं."

मी अशील म्हणून नवऱ्याला घेतलं, कारण तो फुकट होता. आता भांडायला कोणीतरी हवं होतं. पुष्कळ विचार केला, तेव्हा ज्याच्याशी आमचं भांडण होणं शक्यच नाही असा एकच माणूस आठवला, आमचे चुलत दीर तानाजी भाऊजी. त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये फक्त कण्हेरीचं कुंपण. शेताला शेत लागून, विहीर सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. त्यांच्या सोनालीचा साखरपुडा त्या रविवारी होता आणि थोरली चुलती म्हणून तिची ओटी मी भरायची होती. इतक्या सरळ माणसाचं नाव घातलं तर कुणाला वाईट वाटायचा प्रश्नच नाही, असा मी विचार केला. (माझ्या बाबतीत विचार केल्यानंतरच गोष्टी बिघडतात.)

नोटीस झकास झाली. तुम्ही हद्दीचा दगड सरकवून माझ्या अशिलाची जमीन बळकावली आहे, तरी सात दिवसांच्या आत दगड जागेवर ठेवा, अन्यथा तुम्हाला कोर्टात खेचलं जाईल, एवढाच मतलब. पण तो सांगायला मी माठापासून म्हशीपर्यंतचा प्रत्येक शब्द वापरला. सतरा ओळींचं एकच वाक्य झालं, मध्ये पूर्णविराम द्यायला माझा धीर झाला नाही. खाली माझं नाव लिहिलं आणि त्याच्याआधी 'अॅडव्होकेट'. ती पदवी मिळायला अजून अडीच वर्षं होती. पाकीट बंद करून, तिकिटं लावून, पोचपावतीचं कार्ड टाचून मी ते फ्रिजवरच्या हाताला लागेल त्या झाकणात ठेवलं आणि धार काढायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाकीट जागेवर नव्हतं.

"आवं, इथलं पाकीट?"

"गेलं." यांनी तारेला टोचलेली पोस्टाची पावती दाखवली. "रजिस्टर केलं. धा वाजून वीस मिनटं."

"पत्ता बघितला न्हाई का तुमी?"

"बघितला की. तानाजीचा. साखरपुड्याच्या शुभेच्छा पाठवत असशील. शेजारी असला तरी रीतसर पाठवलंस, बरं वाटलं मला."

खरं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. बावीस वर्षांच्या संसारात यांनी माझ्याबद्दल 'बरं वाटलं' म्हटल्याची ही दुसरी वेळ होती.

बुधवारी सकाळपासून मी फाटकात उभी होते. पोस्टमन दिसल्याबरोबर आडवी गेले.

"तानाजी भाऊजींचं रजिस्टर हाय न्हवं? ते मीच पाठवलंय. द्या परत."

"वैनी, ज्याचं नाव त्याचीच सही. रजिस्टर म्हंजे काय पोरखेळ हाय व्हय?"

"माणूस कुंपणापलीकडं उभा हाय."

"मग तिकडंच निघालोय न्हवं मी?"

तर माझी नोटीस आमच्या घरातून निघून, पलूसला मुक्काम करून, कण्हेरीच्या पलीकडे पोचली. आणि दहा मिनिटांत कुंपणाला वळसा घालून माझ्याकडेच परत आली. कारण आमच्या गावाची रीतच तशी. इंग्रजी कागद आला की ज्याच्या घरी इंग्रजी आहे त्याच्या दारात न्यायचा. आणि सगळ्या आळीत भिंतीवर इंग्रजी चिकटवलेलं घर एकच होतं.

भाऊजी ओसरीवर बसले. मागे सुनंदा, माझी जाऊ, पदर तोंडाला लावून उभी. हे शेतात गेले होते. भाऊजींची शाळा सातवीपर्यंत. इंग्रजीतली नावं आणि आकडे तेवढे त्यांना लागायचे.

"वैनी, ह्यात दादांचं नाव हाय. माझं हाय. कोर्ट बी लिवलंय. तुमी वाचू नका आधी. माझं ऐका."

"भाऊजी, मला पण तुम्हाला..."

"मी चुकलो. पाणी मी घितलं."

"कसलं पाणी?"

"दादा आन तुमी साताऱ्याला मिल्ट्रीच्या कँटिनला गेलता दोन दिस, तवा तुमची पाळी व्हती. मोटार मीच चालू किली आन माझ्या उसाला पाणी घितलं. बरोबर सात तास. पर वैनी," भाऊजींचा आवाज खाली आला, "दादांस्नी सात तास कसं कळलं? हितं आकडा लिवलाय."

त्यांनी बोट ठेवलं होतं ते माझ्या 'सात दिवसांच्या आत'वर. मी गप्प. वकिलाने अशा वेळी काय बोलावं हे आमच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाला होतं.

माझं गप्प बसणं सुनंदाला फार कडक वाटलं असावं. ती एकदम पुढे आली.

"आन पुरणयंत्राचं लिवलं आसंल तर ते आमच्या माळ्यावर हाय, अक्का. परत दिलं दिलं म्हनले, पर दिलं नव्हतं. मग सांगायची लाज वाटली."

ते पुरणयंत्र! शिमग्यापासून हरवलं होतं. ते भंगारवाल्याला दिलंत म्हणून मी यांच्याशी आठ महिने भांडत होते.

"वैनी," भाऊजींनी हात जोडले, "फलटणच्या पावन्यांनी पयला सवाल काय इचारला ठावं हाय? भावकीत कोर्टकचेरी हाय का? मी छाती ठोकून न्हाई म्हनलो. रविवारी त्ये येनार. तवर ही नोटीस मागं घ्या म्हनावं दादांस्नी. ह्याचं उत्तर तुमीच लिवा. इंग्रजीत. पर लय कडक नको."

एका पोरीचं ठरलेलं लग्न माझ्या गृहपाठावर लटकत होतं. मला खरंच रडू आलं. आता सांगितलंच पाहिजे म्हणून मी पदराने डोळे पुसले, तेवढ्यात फाटक वाजलं आणि माझे अशील खांद्यावर खोरं घेऊन आत आले.

भाऊजी ताडकन उभे राहिले. "दादा, चुकलं."

"काय चुकलं?" म्हणत यांनी त्यांच्या हातातला कागद घेतला. चष्मा लावला. कागद इंग्रजीत असला की हे तो मोठ्यानेच वाचतात. सतरा ओळी एका दमात वाचायच्या म्हणून मध्ये दोनदा श्वास घेतला, मग परत वर गेले.

"माझ्या अशिलाच्या सूचनेवरून... अशील म्हंजे मी. मी कवा सूचना दिली?"

"तुम्ही नाही दिलीत," मी म्हणाले. "अभ्यास होता तो. मॅडमनी सांगितलेला. तुम्ही जावकमधनं उचलून नेलात."

मग मी सगळं सांगितलं. मी बोलत होते तोवर गव्हाणीतली प्लेंटिफ रवंथ करत होती.

पहिल्यांदा भाऊजी बोलले. "म्हंजे पाण्याचं तुमास्नी ठावंच नव्हतं?"

"नाही."

"आन पुरणयंत्राचं?" सुनंदाने विचारलं.

"ते तर नाहीच."

"म्हंजे आमी उगंच..." भाऊजी मटकन खाली बसले. फुकट कबुली दिलेल्या माणसाचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

हे मात्र तापले होते. पाण्यासाठी नाही. "अगं, पन तानाजीनं दगड सरकवला असं लिवलंस कसं? तानाजी दगड सरकवंल?"

"दगड सरकलाय, दादा," भाऊजी हळूच म्हणाले.

"कुनी सरकवला?"

भाऊजींनी मान खाली घातली. "तुमी."

फौजेतून परत आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात यांनी ट्रॅक्टर लावून शेत नांगरलं होतं. आमचा बांध मुळातच वाकडा, वाडवडिलांपासूनचा. यांना वाकडी ओळ बघवत नाही. दोरी लावून यांनी तो परेडच्या मैदानासारखा सरळ केला होता आणि मी शाबासकी म्हणून शिरा केला होता. तो सरळ होताना हद्दीच्या दगडासकट दोन हात आत सरकला होता, भाऊजींच्या शेतात. ही गोष्ट भाऊजींना पहिल्या दिवसापासून माहीत होती. नऊ वर्षांत ते एका शब्दाने बोलले नव्हते.

"मला वाटलं, दादा देशासाठी येवढं राबल्यात, त्यात दोन हात काय," भाऊजी म्हणाले. "पर त्या दिशी मोटार चालू करताना मनात आलं, सात तास पाणी घिऊ, म्हंजे फिटंफाट."

यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. जन्मात कधी कुणापुढे न झुकलेला माणूस त्या दिवशी भावाच्या शेजारी जाऊन ओसरीवर बसला.

"उद्या बांध हाय तसा वाकडा करू," हे म्हणाले. "दोरी न लावता."

आधी सुनंदाला हसू फुटलं, मग भाऊजींना आणि मग मला. माझ्या छातीवर दोन दिवस ठेवलेला जात्याचा दगड कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटलं. हसता हसता मी परत रडले आणि रडत रडत चहा केला. दहा शब्द न म्हणताच मिळालेला तो पहिला चहा.

गुरुवारी दोघा भावांनी बांध वाकडा केला. रविवारी साखरपुडा झाला. फलटणच्या पाहुण्यांना पुरणपोळी वाढली, तिचं पुरण आमच्याच यंत्रातून निघालं होतं. ओटी भरताना मुलाच्या आईने मला विचारलं, "तुमी वकिलीन होनार म्हने. भावकीतलं काय असंल तर तुमच्याकडंच येत आसंल?" मी म्हणाले, "येतं. पण बसल्या बसल्या मिटतं." माझ्या मागे सुनंदाला ठसका लागला.

सोमवारी मी तीच नोटीस, तिचं पाकीट आणि टपालाने परत आलेली पोचपावती लावून, मॅडमना दिली. दुसरी लिहायची ताकद नव्हती. पुढच्या आठवड्यात वह्या परत मिळाल्या. दहापैकी चार. खाली लाल शाईत शेरा, 'भाषा गोंधळाची. अशा नोटिशीचा समोरच्या माणसावर काडीचाही परिणाम होणार नाही.'

मी धीर करून विचारलं, "मॅडम, मग चार मार्क कशाचे?"

"पाकिटाचे," मॅडम कौतुकाने म्हणाल्या. "बाकी कुणी इतकं मनावर घेतलं नाही. पोस्टाचा शिक्का, पोचपावतीवर सही. अगदी खरं वाटतं हो."

म्हणजे ते चारही मार्क सुभेदारांचे.