अजगराचं जेवण

लेकीने परदेशातल्या घरी छोटा अजगर पाळलाय, हे मला ठाऊक होतं. त्याचं जेवण मात्र मी तिच्याकडे राहायला गेले तेव्हाच पाहिलं. फ्रीजरमधला पांढरा उंदीर तिने पिशवीसकट कोमट पाण्यात ठेवला.

"जिवंत का नाही देत गं?"

"उंदीर भेदरतो, आई. सापालाही चावतो. हे विकतचे आधीच वायूने शांत झोपवून मारलेले असतात, भीती अशी कळत नाही त्यांना."

पाणी गार होतंय का, हे ती मधूनमधून मनगट बुडवून पाहत होती. ती तान्ही असताना तिच्या अंघोळीचं पाणी मी असंच पाहायचे. उंदीर नरम झाल्यावर तिने तो हलकेच टिपून कोरडा केला, चिमट्याने अजगराच्या काचेच्या पेटीत धरला.

"सावकाश खा रे. कुणी घेऊन जात नाहीये," ती काचेशी वाकून म्हणाली. मऊ, लाडाच्या मराठीत. फोनवर माझ्या वाट्याला कित्येक वर्षं "बरी आहे, जेवले" एवढंच यायचं. हा आवाज मी विसरूनही गेले होते.

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. "माझ्याशीही बोल ना असं," म्हणावंसं फार वाटलं. पण ती बोलायची थांबली असती, म्हणून नुसतीच ऐकत बसले.