सुरतची कॅसेट

उखर्डूच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून तो जन्मला तेव्हा त्याच्या आईने, धुरपदाबाईने, त्याला क्षणभर उकिरड्यावर ठेवला, परत उचलला आणि नावच उखर्डू ठेवलं. टाकून दिलेली वस्तू कोण कशाला उचलून नेईल, असा त्यातला विचार. देवाच्या कृपेने तो खरा ठरला. उखर्डू जगला, वाढला, धुळ्यात कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागला, त्याचं लग्नही झालं. पण नावाचा एक गुण मागे राहिला. उखर्डूच्या हातून काही चांगली वस्तू निघेल, असं त्याच्या गल्लीत कुणाला कधी वाटलं नाही.

लग्नसराईत तो बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. शेजारी ढोल गळ्यात घालून रुपचंद चालायचा. रुपचंद अंगाने दांडगा, घामाघूम होणारा आणि तोंडाने फटकळ. दोघांनी मिळून इतक्या नवरदेवांना घोड्यावरून उतरवलं होतं की घोड्यांची नावं त्यांना पाठ होती. मग कॅसिओ आणि ऑक्टोपॅडचे दिवस आले. पितळी वाद्यांचा मान उतरला. उखर्डूने कॅसिओ शिकून घेतला, रुपचंदने ऑक्टोपॅड, आणि दोघांनी बँड सोडला. बँडमास्तर म्हणाला, ''जा. लाइट गेली की परत याल.''

परत जायचं नाही म्हणून दोघांनी कॅसेट काढली. नाव 'उडाली धूळ'. शब्द नाहीत, नुसतं वरातीत नाचायचं संगीत. जळगावला एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत, भिंतींना गाद्या टांगून, ऐन मे महिन्यात रेकॉर्डिंग झालं. पंखा लावला तर आवाज येतो म्हणून स्टुडिओवाल्याने पंखा बंद केला. रुपचंद म्हणाला, मग मी मरतो. शेवटी कोपऱ्यातला कूलर सुरू ठेवायचं ठरलं. कव्हरवर दोघांचा फोटो, पाठीला पाठ लावून, काळे चष्मे घालून. चष्मे स्टुडिओवाल्याचे.

कॅसेट बाजारात आली, म्हणजे उखर्डूच्या पिशवीत आली. आणि त्याच आठवड्यात दीपनगरच्या मामाचा रुपचंदला निरोप आला. वीज केंद्रात कंत्राटदाराकडे जागा आहे, श्रावणातला कानबाईचा सण झाला की हो किंवा नाही कळव.

''जातोस का?'' उखर्डूने विचारलं.

''पोरगी शाळेत घालायची आहे,'' रुपचंद म्हणाला. ''पण एक सांगतो. लोकांना आपली कॅसेट आवडली, असं माझ्या डोळ्यांनी दिसलं तर मी थांबतो. नाही तर मी दीपनगरला आणि ऑक्टोपॅड माळ्यावर.''

रुपचंदशिवाय एकटा कॅसिओ म्हणजे शाळेच्या गॅदरिंगला साथ करायची, एवढंच उरलं. त्याने पिशवी खांद्याला लावली आणि लोकांची मतं गोळा करायला निघाला.

पहिलं मत बन्सीलालभाऊंचं. बन्सीलालभाऊंचं सलून म्हणजे गल्लीचं हायकोर्ट. तिथे मान खाली घालून बसलेल्या माणसाला दुसरं मत नसतं, कारण वस्तरा भाऊंच्या हातात असतो. भाऊंनी कॅसेट टेपमध्ये घातली, आवाज अगदी बारीक केला आणि एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी होईपर्यंत ऐकली.

''आवाज मोठा शे,'' ते म्हणाले.

''भाऊ, बटण तर तुमच्या हातात आहे.''

''आरे, मना हातमा शे म्हणून बारीक शे. मूळमा मोठाच शे ना!'' भाऊंनी कॅसेट बाहेर काढली. ''हे बघ उखर्डू, तुले मी नागडा फिरताना पाह्यना. तुनी कॅसेट मी कशी काय ऐकू?''

उखर्डूने कॅसेट पिशवीत टाकली आणि पुढच्या मताकडे निघाला.

दुसरं मत यादव सरांचं. यादव सर हायस्कूलला मराठी शिकवायचे आणि गावात कुठलाही कार्यक्रम झाला की दोन शब्द बोलायचे. त्यांनी कॅसेट ठेवून घेतली आणि दोन दिवसांनी बोलावलं.

''आशय कमी पडतो,'' सर म्हणाले.

''सर, त्यात शब्दच नाहीत.''

''तेच म्हणतोय मी. शब्दच नाहीत, मग आशय कुठून येणार?'' उखर्डूचा चेहरा पडलेला पाहून सरांना दया आली. ''पण एक गोष्ट मनापासून आवडली. मागे ती अखंड बारीक साथ आहे ना, तानपुऱ्यासारखी, घूं करून? त्यात साधना आहे. तेवढी पुढच्या वेळी वाढवा.''

उखर्डूने मान डोलावली. तो कूलर होता, हे सांगायची त्याला हिंमत झाली नाही. पहिल्यांदाच कुणी काही आवडलं म्हणालं होतं.

मग तो जळगावला गेला, पिंप्राळ्याला आत्याकडे. कलाआत्याने कॅसेट उलटी केली, सुलटी केली, पदराने पुसली. कव्हरवरचा फोटो उजेडात धरून बघितला आणि तिचे डोळे भरून आले.

''किती वाळलास रे भाऊ! आणि हा चष्मा कशाला? डोळे आले होते का?''

''आत्या, ऐक तरी.''

''ऐकते ना, आधी जेवी घे.''

जेवण झालं, पापड झाले, आमरस झाला. कॅसेट देव्हाऱ्यात गणपतीशेजारी गेली आणि तिथेच राहिली. आत्याच्या घरी टेप नव्हताच.

आत्याकडे रावेरकडचे गिरधरनाना आले होते, केळीच्या बागा असलेले. त्यांनी पिशवीतली दुसरी कॅसेट शेजाऱ्याच्या टेपवर चार मिनिटं ऐकली आणि तोंड वाकडं केलं. ''धुळ्याकडचं वाटतं हे. फार रानटी. आमच्याकडे वराती सभ्य असतात.'' त्याच आठवड्यात उखर्डूला जिनिंगमध्ये पिंपळनेरचा एक ओळखीचा गाडीवाला भेटला. त्याने कॅसेट गाडीत लावली आणि साक्रीच्या अलीकडेच बंद केली. ''फार शहरी झालं भो. यात फुंकायची पावरी कुठे आहे? पावरीशिवाय आमचा पाय उचलत नाही.''

बँडमास्तरने तर न ऐकताच मत दिलं. म्हणाला, ''ज्यात फुंकावं लागत नाही ते संगीत नाही.''

उखर्डू संध्याकाळी रुपचंदच्या ओट्यावर येऊन बसायचा आणि दिवसभराची मतं सांगायचा. रुपचंद ऐकून घ्यायचा. ''म्हणजे रावेरला रानटी आणि पिंपळनेरला शहरी. आपण नाचायचं कुठे? मधेच, पारोळ्याच्या स्टँडवर?''

''धीर धर.''

''मी धरतो रे. मामा धरत नाही.''

''तू स्वतः ऐकलीस का पुरती?''

''मी वाजवली. परत ऐकायची कशाला?''

उखर्डूचीही गत वेगळी नव्हती. दुसऱ्या बाजूच्या मधोमध त्याचं एक बोट चुकलं होतं. ती जागा जवळ आली की त्याला लाज वाटायची आणि तो टेप बंद करायचा. त्या जागेपुढे ती कॅसेट जगात कुणीच ऐकलेली नव्हती.

घरी धुरपदाबाई तेवढी काही म्हणाली नाही. तिने कॅसेट हातात घेतली, कपाळाला लावली आणि म्हणाली, ''मले काय समजस त्यातलं? कानबाई येई राहिनी. तिच्यासमोर वाजू दे, मग पाहू.''

''माय, तिच्यासमोर बँड वाजतो. भाऊबंदांनी ठरवलाय.''

''बरं,'' ती म्हणाली आणि देवीच्या नैवेद्याच्या रोटाचा गहू निवडायला बसली.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसली. घर सारवलं, नारळाला मुखवटा चढला, दागिने चढले, चौरंगावर देवी सजली. भाऊबंद एका पंगतीला बसून रोट जेवले. वर्षभर एकमेकांच्या बांधावरून भांडणारे लोक त्या दिवशी एकमेकांना आग्रह करतात, ही देवीचीच करणी म्हणायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पांझरा नदीवर विसर्जन. पण अख्ख्या धुळ्याची कानबाई त्याच सकाळी निघते. बँड थोडे, भाऊबंदक्या फार. बँडमास्तरने तीन गल्ल्यांना शब्द दिला होता आणि तो चौथ्याच गल्लीत वाजवत होता.

देवी दारात आलेली, बायका ओवाळून उभ्या, आणि वाजवायला कोणी नाही. बन्सीलालभाऊ संतापाने थरथरत होते, कारण बँड त्यांनीच ठरवला होता. शेवटी लाउडस्पीकरवाला कौतिक धावून आला. त्याने हातगाडीवर दोन कर्णे बांधले, बॅटऱ्या ठेवल्या, टेप ठेवला.

''गाडी लोटायला दोन माणसं द्या,'' कौतिक म्हणाला.

कुणीच पुढे झालं नाही. सगळ्यांना नाचायचं होतं.

''ए उखर्डू, ए रुपचंद, तुम्ही लोटा रे,'' बन्सीलालभाऊ म्हणाले. ''वाजवणारे माणसं शेत तुम्ही, गाडीमांगे चालायची सवय शे.''

दोघांनी गाडी धरली. कौतिकने हाताला लागली ती कॅसेट घातली. पहिला ठोका पडला आणि उखर्डूचे हात दांड्यावर घट्ट झाले. 'उडाली धूळ' होती. मतं गोळा करत फिरताना त्यानेच ती कौतिकला दिली होती. कौतिकच्या बकरीने तिच्या डबीवर पाय दिला, म्हणून त्याने ती बहिणीने सुरतजवळच्या उधन्याहून पाठवलेल्या गरब्याच्या कॅसेटच्या डबीत घातली होती.

आणि गल्ली नाचायला लागली. आधी पोरं, मग सुना, मग फुगड्या, मग चाळिशी उलटलेले पुरुष टोप्या हातात घेऊन. पुढे चौरंग डोक्यावर घेतलेली सवाष्ण, आणि तिच्या मागे अख्खी भाऊबंदकी ठेक्यावर. ज्या बन्सीलालभाऊंना गुडघ्यामुळे खाली बसता येत नव्हतं, ते पंचा दातात धरून अर्धे वाकून नाचत होते. यादव सर बाजूबाजूने चालत होते, पण त्यांच्या चपला त्यांचं ऐकत नव्हत्या.

चौकात भाऊ घामाघूम होऊन गाडीजवळ आले. ''कौतिक, कुठली रे कॅसेट?'' त्यांनी डबी उचलली. डबीवर गुजराती अक्षरं. भाऊंनी ती उंच धरली. ''सुरतनी शे! मी तवयच म्हनं! अशी वस्तू धुळामा निघस का?''

''सुरतनी शे, सुरतनी शे,'' गर्दीत गेलं. निम्म्या गल्लीचे जावई सुरतला कामाला. सुरत म्हटलं की साडी असो, मुलगा असो, कॅसेट असो, वाईट असूच शकत नाही.

उखर्डूला राहवलं नाही. ''भाऊ, ही आमची आहे. माझी आणि रुपचंदची.''

भाऊ त्याच्याकडे बघून मनापासून हसले. ''बेटा, चांगलं दिसनं की आपलंच म्हनावं! गाडी हळू लोट. ऐकू दे लोकांना. तूबी ऐक, काही शिकशील.''

रुपचंद दांड्यावर डोकं टेकून गदागदा हलत होता. तो हसतो आहे की रडतो आहे, हे उखर्डूला कळेना.

नदीजवळ येईपर्यंत दुसरी बाजू सुरू झाली. उखर्डूचं बोट चुकलेली जागा आली. त्याने डोळे मिटले. नेमक्या त्या जागी बायकांनी फुगडीचा फेर उलटा फिरवला, जणू ती चूक त्यासाठीच ठेवली होती. तिथून पुढची कॅसेट जगात पहिल्यांदाच वाजत होती. ठेका चढत गेला, चढत गेला, आणि घाटाच्या पायऱ्यांशी दणकन थांबला. सगळे दम खात उभे. कर्ण्यातून नुसती घूं ऐकू येत होती. आणि मग त्याच कर्ण्यातून, पांझरेच्या दोन्ही काठांना ऐकू जाईल असा, रुपचंदचा आवाज आला:

''झालं का रे उखर्डू? आता तो कूलर बंद कर. आवाजाने डोकं उठलं.''

खटकन टेप थांबला.

धुरपदाबाई हातातला तांब्या सावरत मागे वळली आणि तिने गाडीकडे पाहिलं. यादव सरांना एकाएकी खोकला आला. सगळी भाऊबंदकी एकदा कर्ण्याकडे बघत होती, एकदा रुपचंदकडे. आता तर देवीसमोर साक्ष झाली होती.

बन्सीलालभाऊंनी पंचाने तोंड पुसलं. हायकोर्टाला वेळ लागला, पण निकाल आला.

''पाह्यं का,'' ते गर्दीकडे वळून म्हणाले, ''सुरतवाले किती मोठे मनना लोक शेत! आपला उखर्डूले बी त्यासनी काम दिनं. कूलर चालाडाले!''

गर्दीला ते एकदम पटलं. दोघातिघांनी उखर्डूच्या पाठीवर थाप मारली. एकाने तर पुढच्या वेळी सुरतवाल्यांकडे आपल्या पुतण्याचीही शिफारस कर, म्हणून सांगितलं. आणि मग आरती सुरू झाली, त्यामुळे पुढे कुणाला काही बोलता आलं नाही.

देवीचं विसर्जन झालं. बायका ओली वाळू घेऊन घराकडे निघाल्या. धुरपदाबाई गाडीजवळ थांबली. तिने मुठीतली चिमूटभर वाळू आधी टेपवर ठेवली, मग रुपचंदच्या आणि उखर्डूच्या कपाळाला लावली.

''बोट चुकलं, त्याच जागेवर फुगडी चांगली रंगली,'' ती म्हणाली, आणि गेली.

दोघं रिकामी गाडी लोटत परत निघाले. चौकात एक माणूस कौतिकला विचारत होता, सुरतची ती कॅसेट कुठे मिळेल. कौतिकने गाडीमागे बोट दाखवलं. ''हे पोरं आणून देतात.''

दोघांनी गाडी गल्लीच्या तोंडाशी आणली. मग उखर्डूने हळूच विचारलं, ''मामाला काय कळवतोस?''

रुपचंदने कपाळावरची वाळू बोटाने चाचपली.

''डोळ्यांनी तर दिसलं बुवा,'' तो म्हणाला. ''कळवतो, यायला जमणार नाही. सुरतेला लागलो म्हणून.''