पी.पी. नंबरवरचं संवादशास्त्र

ज्या घरात गल्लीतला एकुलता एक फोन असतो, त्या घराला किस्से जमवावे लागत नाहीत. ते आपल्या पायानं येतात, दारात चप्पल काढतात, "काकू, माझा फोन आला होता का?" असं विचारतात आणि जाताना घरादाराची अर्धी हकिकत सोफ्यावर ठेवून जातात. आमच्याकडं अशा इतक्या हकिकती साठल्यात, की सांगायला बसलं की पोळ्या करपतात.

आमचे हे टेलिफोन खात्यात. त्यामुळं लातुरात लोक नंबर लागायची वाट बघत असताना आमच्या घरात फोन वाजत होता. भूकंपानंतर दोन-तीन वर्षांत शहरात क्लासेसचं पेवच फुटलं. आमच्या गल्लीत ज्याच्याकडं एक जादा खोली होती, त्यानं ती पोरापोरींना भाड्यानं दिली. त्या सगळ्यांच्या आईबापांकडं नंबर एकच, आमचा. पुढं कंसात पी.पी., म्हणजे शेजारचा फोन. फोनशेजारी खिळ्याला सुतळीनं वही टांगलेली असायची. तिच्यात मी निरोप लिहून ठेवायची.

मी चौकशा फार करते असं गल्लीत म्हणतात. आता कान झाकून निरोप कसा घ्यायचा, ते त्यांनीच सांगावं.

*

शेजारी बिराजदार सर. कॉलेजात मराठी शिकवायचे. भाषा म्हणजे काय, माणसं बोलतात म्हणजे नेमकं काय करतात, हा त्यांचा खास विषय. मी दहावी, तीही दुसऱ्या झटक्यात. पण दर बुधवारी सरांच्या मिसेस महिला मंडळात जायच्या आणि सर आमच्याकडं चहाला यायचे, त्यामुळं माझं थोडंफार उच्च शिक्षण झालं.

एकदा सरांनी माझ्या निरोपाच्या वहीवरच चित्र काढलं. एका टोकाला बोलणारा, दुसऱ्या टोकाला ऐकणारा, मधून जातो तो निरोप आणि निरोप ज्यातून जातो ते माध्यम. वाटेत त्या निरोपात जी काही भेसळ होते, तिला म्हणायचं गोंगाट.

मी विचारलं, "यात मी कुठं?"

"तुम्ही माध्यम, वहिनी. सगळ्यात महत्त्वाचं."

आमचे हे पेपरातून डोकं बाहेर न काढता म्हणाले, "सर, तिला गोंगाटात टाका."

*

गोंगाट कसा होतो ते पुढच्याच आठवड्यात दिसलं. आमच्या वरच्या खोलीत लोह्याची सुनंदा राहायची, बारावी सायन्स. तिच्या वडिलांचा फोन आला, "रविवारी पोरीला गावाकडं येऊ नको म्हणावं, मीच तिकडं येऊन राहिलो." सुनंदा क्लासला गेली होती. मला लग्नाला जायचं होतं. मी तिच्या मैत्रिणीला सांगितलं. मैत्रिणीनं डबेवाल्या मावशींना सांगितलं. मावशींनी डब्याबरोबर सुनंदाला सांगितलं, "रविवारचं गावाकडनं काहीतरी आलंय बघ, जाऊन ये."

रविवारी सकाळी वडील डोक्यावर शेंगांचं पोतं घेऊन आमच्या दारात हजर. सुनंदा पहाटेच्या एसटीनं लोह्याला रवाना. अकरा वाजता फोन आला. पलीकडून सुनंदा रडकुंडीला येऊन विचारत होती, "काकू, आमच्या बाबांचा काई निरोप हाय का? घरी कुलूप हाय."

मी म्हटलं, "आहे. थांब, वरण वाढते आणि फोन देते त्यांच्याकडं."

*

आता एक गोष्ट सांगायला पाहिजे, कारण ती आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होती आणि सरांसमोर कुणी काढत नव्हतं. माणसं कशी बोलतात हे जन्मभर शिकवणारे आमचे सर स्वतःच्या सख्ख्या थोरल्या भावाशी बोलत नव्हते. म्हणजे भाऊच सरांशी बोलत नव्हता.

भाऊ, म्हणजे आप्पा, गावाकडं शेती करायचे. भूकंपात गाव पडलं, त्यात दोघांची आई गेली. आप्पांनी दोन दिवस हातांनी माती उपसली. सर लातुरात आजारी बायकोपाशी होते, रस्ते बंद, ते तिसऱ्या दिवशी पोचले. पुढं गावात शोकसभा झाली. लोक म्हणाले, सर, तुम्ही बोला. सर बोलले. चाळीस मिनिटं आईवर बोलले. उपमा होत्या, दाखले होते, चढउतार होते. मांडवातली बाईन् बाई रडली.

सभा संपल्यावर आप्पा जवळ आले आणि एवढंच म्हणाले, "भाषण लई चांगलं झालं, मल्लू. आता जा."

त्यानंतर एक शब्द नाही. सरांनी पत्रं लिहिली, उत्तर नाही. गावाकडं गेले तर आप्पा शेतात निघून जायचे. हे सरांनीच मला एका बुधवारी सांगितलं आणि चहा थंड केला. "मला तेव्हा एकच येत होतं वहिनी, बोलणं. तेच मी केलं," म्हणाले.

मी नुसता चहा परत गरम केला.

*

पण सर स्वभावानं आनंदी. गल्लीत फिजिक्सची पाटी, केमिस्ट्रीची पाटी, बायोलॉजीच्या तर दोन. सरांनीही आपल्या फाटकावर पाटी लावली, 'संवाद वर्ग'. पत्रकं छापली, पेपरातून वाटली. खाली आमचा नंबर, पी.पी.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते अर्धापूरचं. एक गृहस्थ, केळीचा अख्खा घड आणि मुलगा दोन्ही घेऊन. बोर्डाला या विषयाला मार्क किती, म्हणून त्यांनी विचारलं. सर म्हणाले, मार्क नसतात. मग सरांनी त्यांना बसवून समजावलं. ऐकणाऱ्याचं मन कसं वळवायचं, त्याचा विश्वास कसा मिळवायचा, युक्तिवाद कुठं करायचा आणि भावनेला हात कुठं घालायचा. मी भिंतीपलीकडून ऐकत होते, मलाही दोन ठिकाणी भरून आलं. ते गृहस्थ तर मान डोलवून डोलवून ऐकत होते.

सर थांबले. गृहस्थांनी हात जोडले.

"सर, असं बोलणारा माणूस मी पाह्यला न्हाई. आता तुमच्यासारखंच केमिस्ट्री कोण शिकवतं, तेवढं सांगा."

सरांनी पत्ता दिला. वर म्हणाले, "घड राहू द्या."

वर्ग काही चालला नाही. सर म्हणायचे, निरोप गेला पण प्रतिसाद आला नाही, म्हणजे संवाद अपुरा. इतकी पत्रकं वाटली, एकाचाही फोन नाही. ते असं म्हणाले की मी उठून उगाच पडदे नीट करायची. का, ते सांगते.

*

फोन आला की प्रत्येकाला हाका मारून माझा घसा बसायचा. म्हणून मी खुणा ठरवल्या. स्टीलच्या ताटावर पळीनं एक ठोका म्हणजे सरांचा फोन, दोन ठोके म्हणजे वरच्या पोरी, तीन म्हणजे कोपऱ्यावरचे टेलर. सरांना हे फार आवडलं. ताटाचा आणि टेलरचा एकमेकांशी काही संबंध आहे का? नाही. पण आपण सगळ्यांनी मिळून ठरवला की झाला. सगळी भाषा अशीच ठरवाठरवीनं झाली, म्हणाले. टेलरना ते पटलं नाही. आपल्याला शेवटचा नंबर का, एवढीच त्यांची तक्रार.

एका दुपारी जमीन हालली. भूकंपानंतर असे लहान धक्के अधूनमधून बसायचेच. मी अंगणात होते. आत मांडणीवरची सगळी ताटं धडाधड खाली. एक नाही, दोन नाही, तीन नाही, मोजायलाच नकोत.

आणि घराघरातून माणसं बाहेर. सर एका पायात चप्पल घालून, वरच्या पोरी पुस्तकं घेऊन, टेलर गळ्यात टेप अडकवून. सगळे माझ्याकडं बघून विचारतायत, "कुणाचा फोन?"

धक्का बसलाय हे कळेपर्यंत सगळी गल्ली सुखरूप रस्त्यावर होती. खात्यानं मला बक्षीस द्यायला पाहिजे होतं. यांनी नवीन मांडणीसुद्धा दिली नाही.

*

त्याच दिवशी तासाभरात खराच फोन आला. जाड आवाज, ओळखीचा नाही.

"तिकडं हाललं का?"

असे फोन त्या दिवशी खूप आले. आमच्याकडं पद्धतच पडली होती. जरा जमीन हालली की इकडचा तिकडच्याला विचारणार, हाललं का? मी म्हटलं, हो, ताटं पडली.

"सगळे हायत ना बरे?"

"बरे आहेत."

"शेजारचे बी?"

"शेजारचे म्हणजे कोण?"

"म्हंजे शेजारचे." मग, "खोकला हाय का अजून त्याला?"

खोकला सरांना, आणि सरांना एकेरीत म्हणणारा माणूस एकच. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. "आप्पा का तुम्ही? थांबा, ताट वाजवते."

"नको बाई. त्याला सांगू बी नका. आईची शपथ हाय."

नंबर कुठून मिळाला म्हणून विचारलं. गावातल्या दुकानात शेंगदाणे बांधून मिळाले, त्या कागदावर सरांचं नाव आणि खाली आमचा नंबर होता म्हणे. म्हणजे सरांच्या पत्रकाला प्रतिसाद आला होता आणि तो मला सरांना सांगायची चोरी! जिच्या पोटात तीळ भिजत नाही असं सासूबाई म्हणायच्या, तिनं ही गोष्ट वर्षभर पोटात ठेवली. दर धक्क्याला फोन यायचा. तेच चार प्रश्न. फोन खाली.

*

एकदा मी सरांना आडून विचारलं. दळणाचा डबा हातात घेऊन निघालेल्या माणसाला आपण विचारतो, "काय, दळायला का?" आता हे दिसतंय की. मग विचारायचं कशाला?

सर खूश झाले. म्हणाले, "वहिनी, काही बोलण्यात बातमी नसतेच. ते बोलणं नुसतं मी इथं आहे, तू तिथं आहेस, लाइन चालू आहे, एवढं बघायला असतं. भाषेतलं सगळ्यात जुनं काम ते. बातमी नंतर आली."

मी त्यावर आठवडाभर विचार केला. पुढच्या धक्क्याला आप्पांचा फोन आला, तेव्हा चारी प्रश्न झाल्यावर म्हटलं, "आप्पा, दर वेळी जमीन हालायची वाट कशाला बघता? बुधवारी सहाला लावा. मी घरीच असते."

पलीकडं फोन ठेवल्याचा आवाज.

*

तीन बुधवार कोरडे गेले. सर चहा प्यायले, मी घड्याळ बघितलं.

चौथ्या बुधवारी सहाला फोन वाजला. सर फोनशेजारच्याच खुर्चीत. मी स्वयंपाकघरात पळाले आणि दोन्ही हात परातीत घातले.

"सर, उचला हो जरा. माझे हात कणकेत आहेत."

परातीत कोरडं पीठ होतं. पाणी घालायचं राहून गेलं होतं.

सरांनी उचलला. आमचा रिसीव्हर जुना, पलीकडचा आवाज खोलीभर व्हायचा.

"तिकडं हाललं का?"

सरांनी दुसरा हातही रिसीव्हरला लावला. मला वाटलं, आता हे बोलणार. एवढी वर्षं साठलेलं सगळं, उपमांसकट. मी देवाला म्हटलं, नको रे बाबा.

"न्हाई, आप्पा," सर म्हणाले. कॉलेजात कायम 'नाही' म्हणणारे आमचे सर.

"इकडं बी न्हाई."

मग कुणीच काही बोललं नाही. आणि कुणी फोनही ठेवला नाही.

मी पिठाच्या हातानं मागच्या दारातून बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. आमचे हे ऑफिसातून येत होते. मी दाराबाहेर आणि आत फोन चालू, हे खिडकीतून बघून त्यांनी सायकल तिथंच उभी केली. आत काय चाललंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. सहाला सर आले. चहाला नाही म्हणाले. हातात एक चुरगळलेला कागद होता, त्याच्यावर गावातल्या दुकानाचा नंबर. स्वतः फिरवला. आप्पांना बोलवा म्हणाले. उभ्यानंच थांबले. पलीकडून कुणीतरी चप्पल ओढत आल्याचा आवाज मलासुद्धा ऐकू आला.

"आप्पा? मी मल्लू," सर म्हणाले. "तिकडं हाललं का?"