अंकुश भीक देत नसे

अंकुश गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिरूरच्या एसटी स्टँडसमोर वडापाव खात उभा होतो. दौंडहून त्याच्या मुलाचा फोन. "काका, पप्पा गेले... सकाळी अंघोळ करून बाहेर आले आन्..." पुढचं त्याला बोलवेना आणि मला ऐकवेना. फोन ठेवला. आणि मग, खोटं कशाला सांगू, हातात उरलेला अर्धा वडापाव मी खाल्ला. मिरचीसकट. अशा वेळी घास घशाखाली उतरत नाही म्हणतात, माझ्या उतरला. शेजारी कुणीतरी हात पुढे करून उभं होतं, त्या हातावर सवयीने एक नाणं ठेवलं आणि दौंडच्या गाडीकडे पळालो. न्हावरं मागे पडल्यावर लक्षात आलं, आपण नाणं दिलं ते म्हाताऱ्याला की म्हातारीला, पोराला की पोरीला, काहीच सांगता येणार नाही. हात तेवढा आठवत होता. ही गोष्ट ज्याला सांगून शिव्या खाव्यात असा एकच माणूस होता, आणि त्याच्याच मातीला मी निघालो होतो.

आम्ही दोघं घोडनदीकाठच्या एकाच गावचे, इनामगावच्या अलीकडचे. चौथीपर्यंत एका वर्गात. आमचं घर वरच्या आळीला, बागायती जमीन, दारात बैल. त्याचं घर खालच्या अंगाला, बौद्धवाड्यात. मग त्याच्या वडलांना रेल्वेत गँगमनची नोकरी लागली आणि बिऱ्हाड दौंडला गेलं ते गेलंच. पुढे पंचवीसेक वर्षांनी तो मला भेटला तो काळ्या कोटात. पुण्याहून दौंडला पाहुण्यांकडे निघालो होतो आणि घाईत तिकीट काढायचं राहिलं होतं. म्हणजे काढलं नव्हतं. टीसीने नाव विचारलं, गाव विचारलं, मग चष्म्यावरून बघितलं. "तिसरीत माझी पाटी फोडणारा बाळ्या तूच का?" मला एवढा आनंद झाला की विचारू नका. म्हटलं, सुटलो! त्याने शांतपणे दंडाची पावती फाडली. "वर्गमित्र हायस म्हणून अक्षर चांगलं काढलंय," म्हणाला. दौंडला उतरल्यावर मात्र दंडाला धरून स्टेशनाबाहेर नेलं. "दंड सरकारचा, च्या माझा." तिथून पुढची सगळी वर्षं आम्ही एकमेकांना धरून राहिलो. मी रांजणगावच्या एका कंपनीत स्टोअरला होतो. सुट्टी आली की शिरूर-दौंड.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून. मी भीक देतो. तो देत नसे. कधीच नाही, कुणालाच नाही. मी त्याला कवडीचुंबक म्हणायचो, आणि चारचौघांत म्हणायचो. माझ्या शर्टाच्या खिशात सुट्टी नाणी कायम. शिक्रापूरच्या चौकात ट्रकांच्या गर्दीत गाडी अडकली की काचेवर टकटक व्हायच्या आत माझा हात बाहेर. एकदा शिरूरला अंकुशबरोबर चाललो असताना कडेला एक म्हातारा धोतर गुडघ्यापर्यंत घेऊन, टोपी शेजारी उताणी ठेवून बसलेला. टाकलं त्या टोपीत नाणं आणि चार पावलं पुढेही गेलो. मागून हाक. "ओ पाव्हणं, हे काय पडलं बगा तुमचं!" म्हातारा मार्केटात कांदा घालून टेम्पोची वाट बघत बसला होता. माझ्या हातात नाणं परत ठेवून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या तुम्हालाच. कांद्याला औंदा भाव बरा हाय." अंकुश रस्त्याच्या कडेला बसून हसला. पुढची दहा वर्षं कुठेही शेतकरी दिसला की मला विचारायचा, "द्यायचं का रं याला कायतरी?"

हसून झाल्यावर मात्र त्या दिवशी तो जे बोलला ते हसण्यासारखं नव्हतं. "तू देतोस आन् बघत न्हाईस. मी बघतो आन् देत न्हाई. दोघं मिळून एखादा बरा माणूस झाला असता."

बघायचा मात्र खरंच. दौंडच्या फलाटावर पाण्याच्या नळाजवळ एक म्हातारा बसायचा. त्याचं नाव लिंबाजी आहे, तो परभणीकडचा आहे, हे अख्ख्या जंक्शनात एकट्या अंकुशला ठाऊक. ड्यूटीवर जाता-येता हा त्याच्यासमोर थांबणार. "काय लिंबाजी, अंग काय म्हणतंय?" तो म्हणणार, "द्या की सायेब कायतरी." "न्हाई देणार. जेवायचं असंल तर चला, मी पण जेवलो न्हाई." कधी तो जायचा, बहुतेक वेळा नाही. एकदा माझ्यासमोरच वैतागून म्हणाला, "सायेब, तुमच्यासंगं जेवायचं म्हंजी हात धुवा, सरळ बसा, बोला. त्यापरीस दोन रुपयं द्या की!" मी लिंबाजीच्या बाजूने टाळी वाजवली आणि त्याला पाच दिले.

एका थंडीत सकाळी लिंबाजी नळाजवळ मरून पडलेला सापडला. पोलीस आले तेव्हा नाव, गाव, लेक कुठल्या गावी दिली आहे, सगळं अंकुशने सांगितलं आणि ती लेक येईपर्यंत हा माणूस रजा टाकून थांबला. त्या दिवशी मला फोन केला. "बाळ्या, रोज मागायचा रं. रोज न्हाई म्हनलो... दिलं असतं तर काय झालं असतं?" आयुष्यभर हीच गोष्ट मी त्याला बजावत आलो होतो. आणि तेव्हा तोंडातून काय निघालं? "काही नाही. प्यायला असता." पलीकडून तो, "प्याला असता," म्हणाला. "थंडी व्हती. प्याला असता." त्यानंतर देणं बरोबर की न देणं, हा वाद त्याने माझ्याशी कधी घातला नाही. भीकही कधी दिली नाही. पण कुणाला 'न्हाई' म्हणताना त्याचा आवाज पूर्वीसारखा ठाम राहिला नव्हता.

आता मुद्द्यावर येतो. हा लेख मी ज्याच्यासाठी लिहायला बसलो आणि इतका वेळ टाळत आलो, तो मुद्दा.

अंकुशच्या निवृत्तीचा कार्यक्रम दौंडच्या एका कार्यालयात होता. मित्र म्हणून माझं भाषण. माझ्या हातात माईक देणं म्हणजे काय, हे कंपनीतल्या गणपतीत लोकांनी वर्षानुवर्षं भोगलेलं आहे. मी सुटलो. म्हटलं, मंडळी, या माणसाने सगळ्या नोकरीत भिकाऱ्याला एक रुपया दिला नाही. आणि आमच्या घरून मात्र रिकाम्या हाताने कधी कुणी गेलं नाही. दाखला म्हणून लहानपणची गोष्ट काढली. संध्याकाळी येसकराच्या घरची बाई यायची. येसकर म्हणजे पाळीपाळीने गावाची राखण करणारा, सांगावे पोचवणारा, मेलेलं जनावर ओढणारा. त्या बदल्यात घरोघरची भाकरी. ती बाई अंगणाच्या बाहेर उभी राहून "भाकर वाढा वं माय" म्हणायची. आणि मी सात वर्षांचा, ओट्यावरून भाकरी तिच्या पदरात अशी टाकायचो! हात उंच करून दाखवलं. "नेम कधी चुकला नाही!"

हशा यायला हवा होता. हशा कुठे यावा हे मला कळतं. तो आला नाही. पहिल्या रांगेत अंकुशची आई बसली होती, पांढरं लुगडं, हातात नातवाने दिलेलं गुलाबाचं फूल. तिने मांडीवरचा पदर गोळा करून हळूच पायाखाली घेतला. मला वाटलं, पंख्याचा वारा लागत असेल. मी पुढचा विनोद सांगितला.

स्टँडवर सोडायला अंकुश एकटा आला. गाडीला वेळ होता. तेव्हा म्हणाला, "ती आई हुती."

"कोण?"

"पदर."

मला उलगडा व्हायला वेळ लागला. तो रस्त्याकडे बघत सांगत राहिला. "आमच्या घरची पाळी असली की आई यायची. मी मागं असायचो, टोपलं घिऊन. वर्गात सकाळी तुझ्या शेजारी बसल्यालो. संध्याकाळी तुला दिसलो न्हाई." आणि मग, "आन् ती भीक न्हवती, बाळ्या. गावाचं काम केलं त्याची मजुरी हुती. तुम्ही ती अशी टाकायचा की घरी नेईस्तवर तिची भीक व्हायची."

मी त्याचा हात धरला. माफ कर, असं काहीसं पुटपुटलो. त्याने हात सोडवून घेतला नाही, पण म्हणाला, "मला कशाला? आईला सांग." तेवढ्यात गाडी आली.

ते सांगायला मी सहा वर्षांत गेलो नाही. दौंडला गेलो, दर महिन्याला गेलो. स्टेशनाबाहेर अंकुशबरोबर चहा प्यायलो आणि घरी न जाता परत आलो. कधी गुडघा दुखत होता, कधी शेवटची गाडी चुकेल अशी भीती. म्हातारीला आता काय आठवतंय, असंही स्वतःला सांगून पाहिलं. त्यांच्या घरच्या लग्नात समोर आलीच. पूर्वी मला "बाळू, जेवल्याशिवाय जायचं न्हाई हां" म्हणणारी बाई "बसा, बाळासाहेब" म्हणाली. मी पाऊसपाण्याचं बोललो. अंकुशने पुन्हा एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी चिडलो असतो, भांडलो असतो, मोकळा झालो असतो. दरम्यान माझं भीक देणं वाढलं होतं. एकाच्या जागी दहाचं नाणं देत होतो. कुणाला देत होतो देव जाणे.

मातीच्या दिवशी घरात बायांचा आकांत चालला होता. मी बाहेर पुरुषांत लिंबाखाली उभा राहिलो आणि तिथूनच परतलो. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मागच्या रांगेत बसलो. मागच्या आठवड्यात मात्र गेलो. गाडीत वाक्य पाठ करत गेलो, शाळेतल्या वक्तृत्वस्पर्धेसारखं. दार उघडंच होतं. आत कॉटवर ती बसली होती, भिंतीवर बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी अंकुशचा हार घातलेला फोटो. मी उंबऱ्याबाहेर चपला घालूनच उभा राहिलो. पाठ केलेलं सगळं गेलं.

"कोन हाय?" तिला आता कमी दिसतं.

"मी, बाळू."

"कोन?"

"बाळासाहेब."

"मग दारात का हुभं?"

"आई, एक मागायचं होतं..." अशी वेळ तिच्यावर कुणी आयुष्यात पहिल्यांदाच आणली असेल, म्हणजे ती आत आणि आमच्यातला कुणी बाहेर उभा.

"मागायचंय व्हय? मग आदी बसा. ती खुर्ची हाय बगा, दाराच्या आत."

उंबऱ्याच्या आत लाल प्लॅस्टिकची एक खुर्ची होती, एक हात तडकलेला, तारेने बांधलेला. "अंकुशनं ठिवलीया," ती म्हणाली. "रिटायर झाल्यावर. दारात कोन मागाय आलं की म्हनायचा, आदी आत या, बसा, मग बोला. हुभ्या मानसाचं ऐकायचाच न्हाई. देयाचा काय न्हाई, च्या पाजायचा. लोकं शिव्या घालून जायाची, येळ घालवला म्हनून." ती हसायला लागली आणि मधेच थांबली.

मी बसलो. बसल्यावर तिचं तोंड बरोबर माझ्या समोर आलं. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके आहेत, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी सांगितलं. भाषणात जे बोललो ते, ओट्यावरचं, पदराचं, सगळं. विनोद न करता बोलायची सवय नाही, त्यामुळे वाक्यं तुटत होती. तिने पूर्ण ऐकून घेतलं. माफ केलं म्हणाली नाही, नाही केलं असंही म्हणाली नाही. म्हणाली, "भाकर लय जाड असायची तुमच्या घरची. खालनं करपल्याली. पोरगं खायाचं न्हाई."

मग सुनेला हाक मारून चहा ठेवायला सांगितला. मी प्यायलो. निघताना वाटेत नको म्हणून ती खुर्ची उचलून भिंतीला लावायला गेलो, तर आवाजावरून तिला कळलं.

"ऱ्हाऊ द्या तिथंच," ती म्हणाली. "येतंय कोन ना कोन."